महाविद्यालयीन खेळाडू व त्याचे पाठीराखे

खेळ हा अभ्यासाचा शत्रु आहे, असें पुष्कळ पालकांस वाटतें; आणि खेळांत नांव मिळविलें कीं अभ्यासाची गरज उरत नाहीं, असें कित्येक मुलांस वाटतें. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, हें ठरविण्यासाठीं महाविद्यालयांतून पुढें आलेल्या खेळाडूंचें चरित्र पाहणें बोधप्रद होईल.

महाविद्यालयीन खेळांचें माहात्म्य अमेरिकेंत फार मोठें आहे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. प्रत्येक पक्षांत अकरा गडी असतात. चेंडू हातीं घेऊन पळतां येतो व फेंकतांही येतो. मात्र चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकतां आलें नाहीं, तर तो प्रतिपक्षाकडे जातो. चढाई करणाऱ्या संघाच्या सूत्रधारास क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. तो दूरच्या गड्याकडे फेंकावा, जवळच्या गड्यास द्यावा, कीं स्वतःच घेऊन धांवावें, हें त्यास क्षणार्धांत ठरवावें लागतें. आणि तेंही प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर येत असतां! अंगबळाइतकीच त्यास स्थिर बुद्धीचीही गरज असते.

परंतु महाविद्यालयाकडून खेळण्याचा काळ थोड्या वर्षांचाच असतो, आणि पुढें धंदेवाईक संघांत फार थोड्यांस जागा मिळते. रॉजर स्टॉबॅक हा अमेरिकेच्या आरमारी विद्यालयाचा क्वार्टरबॅक होता. १९६३ सालीं त्यास देशांतील उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. तथापि शिक्षणाबरोबर आलेलें आरमारी सेवेचें बंधन त्यानें चुकविलें नाहीं. तो नोकरीवर रुजू झाला, व्हिएतनाममध्येंही राहिला, आणि १९६९ सालीं डॅलसच्या संघांत गेला. पुढें त्या संघानें त्याच्या नेतृत्वाखालीं दोनदां राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें.

अमेरिकेंतील खेळाडूच्या पाठीशीं शिष्यवृत्ति, शिक्षक व भरलेलें मैदान असतें. आपल्याकडे असें कांहीं नसतां महाविद्यालयाचा विद्यार्थी कोठवर जाऊं शकतो? याचें उत्तर कोल्हापुरानें दिलें आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यांत १९२६ सालीं झाला. वडील पैलवान असल्यामुळें कुस्तीचें बाळकडू घरींच मिळालें. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत गेले. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तांबड्या मातींत वाढलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवखे होते; तरी त्यांनीं आपल्या वजनगटांत सहावें स्थान मिळविलें.

पुढील सामने १९५२ सालीं हेलसिंकी येथें होते. प्रवासाचा खर्च उभा राहीना. तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गांवकऱ्यांनींही यथाशक्ति हातभार लावला. हेलसिंकीस खाशाबांनीं कानडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस जिंकलें. जपानच्या मल्लाशीं दीर्घ झुंज झाल्यावर त्यांस पुरती विश्रांति न मिळतां सोव्हिएत मल्लाशीं लढावें लागलें, आणि त्यांच्या वतीनें बोलावयास कोणी भारतीय अधिकारी तेथें नव्हता, असें सांगतात. त्या दोन्ही कुस्त्या ते हरले. तरी कांस्यपदक त्यांचें झालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें!

परत आल्यावर शेंकडों बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या जयघोषांत खाशाबा आपलें ऋण विसरले नाहींत. त्यांनीं कुस्त्यांचें मैदान भरविलें आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचें घर सोडविलें. पदकाइतकेंच हें कृत्यही आम्हांस थोर वाटतें. पुढें १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत उपनिरीक्षक झाले, व १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला, तो मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं.

पौलानें करिंथकरांस लिहितांना धांवण्याच्या शर्यतीची उपमा घेतली आहे: खेळाडू नाशवंत मुगुटासाठीं इंद्रियदमन करतो, मग अविनाशी मुगुटासाठीं आपण किती करावें! खेळ संपतो, परंतु खेळांत लागलेली शिस्त, वचनाची चाड व उपकाराची जाणीव आयुष्यभर कामास येते. स्टॉबॅकला आरमारांत आणि खाशाबांस पोलीस खात्यांत तीच उपयोगी पडली. त्याबरोबर शिक्षणही होतें, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

ओवे व पनवेलच्या आसपासच्या पालकांस आमची विनंति इतकीच, कीं संध्याकाळचा एक तास मुलास मैदानावर जाऊं द्यावें, आणि रात्रीं दिव्यापाशीं त्याचें पुस्तक उघडलेलें आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. प्रत्येकास घर गहाण टाकावें लागत नाहीं. पुष्कळदां एवढा पाठिंबाही पुरतो.