सागवानी फ्लोअरिंग आणि मोजमापाची तारीख

समजा, कर्जत-खोपोली मार्गावरच्या पळसदरीत तुम्हाला तीन मीटर रुंद खोलीत सागवानी फ्लोअरिंग करायचंय, तेही मे महिन्यात. फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या, तर पावसाळ्यात जमीन मधोमध उचलली जाईल. लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ नाही.

आता गणित करू. आडव्या कापाची सागवानी फळी ओलाव्याच्या दर 1 टक्क्यामागे साधारण 0.19 टक्के रुंदावते. मेमध्ये लाकडातला ओलावा 10 टक्के, ऑगस्टमध्ये 16 धरा: 3000 × 6 × 0.0019 = सुमारे 34 मिमी. फळ्या एकमेकींना जोडून, खाली न ठोकता टाकल्या असतील, तर त्यांच्या लांबीला समांतर असलेल्या दोन्ही भिंतींपाशी 17-17 मिमी फट ठेवा; वर स्कर्टिंग येईलच. उभ्या कापाच्या फळ्यांना जवळपास निम्मी पुरते.

पण 10 आणि 16 हे आकडे मी धरलेत, मोजलेले नाहीत. मॉइश्चर मीटरने दोन्ही ऋतूंत मोजा. एका महिन्यातलं मोजमाप वर्षाचं नसतं. म्हणून प्रपोजलमध्येही प्रत्येक आकड्याशेजारी तारीख लिहायची सवय लावा.