हेलियम, विजयदुर्ग आणि १८ ऑगस्ट : एका संदर्भाचा माग



आपल्या शाळांमध्ये रोजच्या परिपाठात दिनविशेष वाचला जातो. १८ ऑगस्ट जवळ आला की त्या दिवसाचा म्हणून एक दिनविशेष मोबाईलवर फिरायला लागतो. त्याचा आशय साधारण असा असतो : १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियम वायूचा शोध लागला. किल्ल्यावर त्यांनी दुर्बीण ठेवली ते 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवतात. त्या दिवशी तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

वाचून अभिमान वाटतो. आपल्या महाराष्ट्राच्या किल्ल्यावरून सूर्यावरचं मूलद्रव्य सापडलं, ही साधी गोष्ट नाही. पण मुलांपुढे वाचण्याआधी शिक्षकाने एक प्रश्न विचारायला पाहिजे : हे पहिल्यांदा कोणी लिहिलं? आजच्या पाठात आपण याच एका वाक्याचा माग काढू. त्यातून हेलियमची गोष्ट समजेल आणि शास्त्रज्ञाच्या कामाचा संदर्भ कसा तपासायचा हेही समजेल.

संदर्भ म्हणजे काय?

शास्त्रज्ञ जेव्हा शोधनिबंध लिहितो, तेव्हा त्याआधी त्या विषयावर कोणी काय काम केलं हे तो सांगतो. नाव, वर्ष, नियतकालिक, सगळं देतो. यालाच संदर्भ देणे म्हणतात. यामुळे दोन गोष्टी होतात. ज्याचं काम आहे त्याला श्रेय मिळतं. आणि वाचणाऱ्याला मागे मागे जात मूळ नोंदीपर्यंत पोहोचता येतं. शेतात पाटाचं पाणी गढूळ आलं तर आपण पाटाच्या कडेने विहिरीकडे चालत जातो, तसंच हे आहे.

आज हे काम संगणकामुळे सोपं झालं आहे. खगोलशास्त्रासाठी नासाच्या मदतीने चालणारी 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम' नावाची मोफत यंत्रणा आहे. एखाद्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव टाकलं की त्याचे निबंध दिसतात, आणि प्रत्येक निबंधाचा उल्लेख पुढे कोणाकोणाच्या निबंधात आला तेही दिसतं. पण ही यंत्रणा उल्लेख किती वेळा झाला ते मोजते. तो उल्लेख बरोबर आहे की नाही, हे वाचूनच ठरवावं लागतं. एकच वाक्य हजार ठिकाणी उतरवलं म्हणून ते हजार पुरावे होत नाहीत. पुरावा एकच राहतो, आणि कधी कधी तोही नसतो.

वाक्याचे तुकडे करू

माग काढायची पहिली पायरी म्हणजे वाक्य फोडणे. आपल्या दिनविशेषात चार गोष्टी आहेत : तारीख (१८ ऑगस्ट १८६८), माणूस (लॉकियर), जागा (विजयदुर्ग) आणि घटना (हेलियमचा शोध). आता एकेक तुकडा वेगळा तपासू.

तारीख : १८ ऑगस्ट १८६८

या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, हे खरं आहे. चंद्राची गडद सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे भारत ओलांडून गेली. जमखंडी (तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान), विजापूर, गुंटूर आणि मछलीपट्टण इथे निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते. त्यांच्याकडे वर्णपटदर्शक हे नवं साधन होतं. वर्णपटदर्शक म्हणजे लोलकातून प्रकाश फोडून त्यातले रंग वेगळे दाखवणारं यंत्र. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगाच्या रेषा देतं. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते ना? तो सोडियमचा रंग.

ग्रहणात सूर्याची चकती पूर्ण झाकली की कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या नेमक्या कशाच्या, हे तेव्हा माहीत नव्हतं. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. त्यांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या. रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी ते करूनही दाखवलं.

म्हणजे तारीख खरी आहे. पण त्या दिवशीचं हे मोठं काम गुंटूरचं आणि जान्सेन यांचं.

माणूस : नॉर्मन लॉकियर

मग लॉकियर त्या दिवशी कुठे होते? ते इंग्लंडमध्ये होते. १८३६ साली जन्मलेले लॉकियर तेव्हा लंडनमध्ये युद्ध खात्यात कारकून होते. आकाश निरीक्षण हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. सूर्याच्या ज्वाला ग्रहणाशिवाय पाहता येतील अशी त्यांचीही कल्पना होती. त्यासाठी त्यांनी चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. तो हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनहूनच, ग्रहण नसताना, त्यांनी ज्वालांच्या रेषा पाहिल्या.

इथे जरा थांबा. लॉकियर यांच्या कामाचं वैशिष्ट्यच हे होतं की त्याला ग्रहण लागत नव्हतं. आपला दिनविशेष मात्र त्यांना ग्रहण पाहायला विजयदुर्गावर आणून बसवतो! संदर्भ बिघडला की शोधाचा मुद्दाच कसा उलटा होतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

जान्सेन यांचं भारतातून गेलेलं पत्र आणि लॉकियर यांचं निवेदन, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशी वाचले गेले. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या पद्धतीचं श्रेय दोघांना मिळालं. फ्रान्समध्ये दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं गेलं. लक्षात घ्या, हे श्रेय पद्धतीचं आहे, हेलियमचं नाही.

घटना : हेलियमचा शोध

मग हेलियम केव्हा सापडला? याला एक तारीख देता येत नाही. ज्वालांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही रेषा ५८७.६ ला होती, अगदी शेजारी पण वेगळी. घाईत पाहणाऱ्याला ती सोडियमचीच वाटेल. लॉकियर यांनी ती वेगळी आहे हे नक्की केलं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत ती मिळते का हे पाहिलं. पृथ्वीवरच्या कोणत्याच माहीत पदार्थाशी ती जुळेना. मग सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात लॉकियर-फ्रँकलंड यांच्या या प्रस्तावाचा उल्लेख केला.

तरी बरेच शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. एका रेषेवरून नवं मूलद्रव्य? शेवटी १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लिव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू मिळवला आणि त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा निघाली. सत्तावीस वर्षांनी हेलियम पृथ्वीवर सापडला.

जागा : विजयदुर्ग

आता राहिला किल्ला. लॉकियर विजयदुर्गावर आले होते का? हो, नक्की आले होते. पण २२ जानेवारी १८९८ रोजी, दुसऱ्याच एका खग्रास ग्रहणासाठी! पहिल्या घटनेनंतर जवळपास तीस वर्षांनी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती. लॉकियर आता 'सर' होते, आणि १८६९ साली त्यांनी सुरू केलेलं 'नेचर' हे साप्ताहिक जगभर वाचलं जात होतं.

म्हणजे काय झालं? १८६८ ची तारीख आणि १८९८ ची जागा एकमेकांना चिकटली. दोन्हीकडे सूर्यग्रहण, दोन्हीकडे लॉकियर हे नाव, म्हणून सांधा दिसेना. वाक्याचा प्रत्येक तुकडा कुठेतरी खरा आहे. जोडून मात्र खोटं झालं.

मग विजयदुर्गाचं महत्त्व गेलं का?

बरेच जण इथे नाराज होतात. आपलं काही काढून घेतल्यासारखं वाटतं. पण १८९८ चा खरा संदर्भ पाहिला तर उलट आपल्या पदरात जास्तच पडतं.

विजयदुर्गावर लॉकियर यांच्या चमूने लोलक बसवलेले कॅमेरे लावले होते. सूर्याची चकती झाकली जाण्याच्या क्षणी तिच्या लगतचा पातळ थर, म्हणजे वर्णावरण, काही सेकंद एकटा चमकतो. त्याचा वर्णपट टिपायचा होता. लॉकियर यांना त्यात काही रेषा विशेष तेजस्वी दिसत. त्याच रेषा प्रयोगशाळेत विजेच्या ठिणगीतही जास्त ठळक होत, आणि काही उष्ण ताऱ्यांतही मिळत. त्यांनी अर्थ लावला की अति उष्णतेत मूलद्रव्यं फुटून आणखी साधी होतात. हा अर्थ इतर शास्त्रज्ञांना पटला नाही.

पुढे १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावर निबंध लिहिला. उष्णता जास्त आणि दाब कमी असला की अणूमधून इलेक्ट्रॉन निघून जातो, आणि अशा अणूच्या रेषा वेगळ्या असतात, हे त्यांनी गणिताने दाखवलं. लॉकियर यांच्या त्या तेजस्वी रेषांचं कोडं त्यातून सुटलं. लॉकियर यांचा अर्थ चुकला होता, निरीक्षण बरोबर होतं. त्यानंतर साहा लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. हे फाउलर म्हणजे लॉकियर यांचे जुने साहाय्यक, १८९८ ला विजयदुर्गावर त्यांच्यासोबत असलेले! सूर्य आणि ताऱ्यांच्या अभ्यासातलं साहा समीकरण आज जगभर शिकवतात. विजयदुर्गावरच्या निरीक्षणांचा धागा त्याच्यापर्यंत येतो. हे मुलांना सांगण्यासारखं नाही का?

आपल्या वऱ्हाडातून गेलेली सावली

१८९८ च्या ग्रहणाची सावली कोकणात शिरून ईशान्येकडे गेली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी निरीक्षण केलं. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. पुढे आपल्या भागात, अमरावती जिल्ह्यातल्या तळणी स्टेशनजवळ वॉल्टर आणि अ‍ॅनी माउंडर हे दांपत्य होतं. सूर्याच्या प्रभामंडळातून लांबवर पसरलेला किरण अ‍ॅनी यांनी तिथे फोटोत टिपला. आणि वर्धा नदीपलीकडच्या पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स होते. आपल्या कळंबची मुलं ज्या पुलगावला रेल्वे पकडायला जातात, तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी सूर्याचा वर्णपट टिपला गेला!

यातलं किती आपल्या दिनविशेषात येतं? नायगमवालांचं नाव तर जवळपास कुठेच येत नाही. १८९८ चं पान आपण १८६८ ला जोडून टाकलं, त्यामुळे त्या पानावरची सगळी माणसं झाकली गेली. चुकीच्या संदर्भाचं खरं नुकसान हे आहे. एकाला न केलेल्या कामाचं श्रेय मिळतं आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं पुसली जातात. शिवाय ही चूक परिपाठातून वहीत, वहीतून भाषणात आणि तिथून पुन्हा मोबाईलवर जाते. या साखळीत आपण शिक्षक मधोमध आहोत. आपण थांबवली तर ती थांबते.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम (इयत्ता ५ वी ते ८ वी)

१. फळ्यावर चार रकाने करा : कोण, कुठे, केव्हा, काय.
२. कोणताही दिनविशेष घेऊन मुलांकडून चारही रकाने भरून घ्या.
३. प्रत्येक रकाना वेगवेगळ्या पुस्तकांतून किंवा विश्वकोशातून तपासायला सांगा. एकाच मेसेजच्या दोन प्रती म्हणजे दोन पुरावे नाहीत, हे सांगा.
४. त्या माणसाने त्या वेळी स्वतः काय लिहिलं, हे शोधा. 'नेचर', लंडनची रॉयल सोसायटी यांचे जुने अंक नेटवर पाहता येतात. यात शिक्षकांनी मदत करावी.
५. चारही रकाने एकाच दिवशी जुळतात का ते पहा. नाही जुळले तर वाक्य दुरुस्त करून लिहा.

१८ ऑगस्टसाठी दुरुस्त दिनविशेष असा वाचता येईल : '१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी लंडनहून ग्रहणाशिवाय तो पाहिला. या ज्वालांतल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमची ओळख पटली.'

आणि विजयदुर्गासाठी २२ जानेवारी हा वेगळा दिनविशेष ठेवा. त्यात जेऊर, तळणी आणि पुलगावही येऊ द्या. वर्गात मुलांना नकाशावर ही चार गावं रेषेने जोडायला लावा. सावली कोणत्या दिशेने गेली, हे त्यांचं त्यांनाच दिसेल.