दोन फ्लॅश, दोन पृथ्व्या

विटांची एक भिंत. तिच्या एका बाजूने लाल पोशाखातला फ्लॅश धावतोय, दुसऱ्या बाजूने डोक्यावर शिरस्त्राण घातलेला दुसराच फ्लॅश. दोघेही एकाच माणसाला वाचवायला निघालेत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! कार्माइन इन्फँटिनो यांनी काढलेलं हे मुखपृष्ठ डीसी कॉमिक्सच्या ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकाचं, १९६१ सालचं. आज सुपरहिरोंच्या जगात जिकडेतिकडे दिसणाऱ्या मल्टिव्हर्सचं, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या कल्पनेचं, मूळ मुख्यतः या अंकात आहे.

गोष्ट अशी. बॅरी अ‍ॅलन, म्हणजे लाल पोशाखातला फ्लॅश, मुलांना दोरीचा खेळ दाखवताना इतक्या वेगाने थरथरतो की दिसेनासा होतो आणि थेट वेगळ्याच पृथ्वीवर पोचतो. तिथे त्याला शिरस्त्राणवाला फ्लॅश, जे गॅरिक, भेटतो. बॅरी त्याला ओळखतो, कारण त्याच्या जगात जे हा कॉमिक्समधला नायक! दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त त्यांची कंपनं वेगळी. एकाच रेडिओवरच्या दोन केंद्रांसारखी. मग बॅरी तर्क करतो, की जेच्या गोष्टी लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सला हे जग स्वप्नात दिसत असणार.

आणि हा अंक लिहिला कुणी? गार्डनर फॉक्स यांनीच. १९४० साली जेला जन्म देणारे लेखकही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरो मागे पडले, जेची मालिका १९४९मध्ये बंद झाली, १९५६मध्ये बॅरी आला आणि जे नुसता छापील कागद उरला. एकवीस वर्षांनी फॉक्सनी आपल्या जुन्या नायकाला राहायला अख्खी पृथ्वी दिली. या कल्पनेतली ही माया मला फार मोलाची वाटते.

पुढे पृथ्व्या वाढतच गेल्या. १९६४मध्ये आलेल्या तिसऱ्या पृथ्वीवर सुपरमॅनचं प्रतिरूपच खलनायक होतं आणि कोलंबसने अमेरिकेतून निघून युरोप शोधला होता! १९८५च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये सगळा पसारा आवरून एकच विश्व ठेवलं गेलं, बॅरीचाही त्यात बळी गेला. पण २००७मध्ये ५२ विश्वं परत आली.

मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीच्या २०१४च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये तर विश्वाविश्वांतले स्पायडरमॅन एकत्र आले. त्यात आपल्या मुंबईचा, धोतर नेसणारा पवित्र प्रभाकरही होता. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४मध्ये घडवलेल्या या पोराला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. २०२३च्या ‘स्पायडर-व्हर्स’ चित्रपटाने त्याला जगभर नेलं.

मात्र मेलेल्या नायकाच्या जागी शेजारच्या विश्वातला आणून उभा केला, की मरणाचं दुःखच पुसलं जातं. अलीकडच्या कित्येक कथा इथेच फसतात. तुम्ही मल्टिव्हर्सचे सिनेमे पाहिले असतील, तर १९६१चा तो अंक मिळवून जरूर वाचा. दोन अनोळखी माणसांच्या भेटीतला इतका निर्भेळ आनंद नंतर क्वचितच कुणाला साधला आहे.