काचबिंदूवर गांजा चालतो का? ऐकीव गोष्टीत खरं किती, ते वाचा

उसात नाहीतर मक्यात लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली, अशी बातमी सातारा-सांगलीत अधूनमधून येतेच. मग पारावर कुणीतरी म्हणतं, "परदेशात डॉक्टरच देतात की, काचबिंदूला!" हे बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण त्याच्या भरवशावर थेंब बंद केले, तर नजर जाऊ शकते.

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदूत अंधुक झालेलं ऑपरेशननंतर बहुधा परत दिसतं, काचबिंदूत गेलेली नजर येत नाही. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. (काहींना दाब वाढलेला नसतानाही हा आजार होतो.) आधी कडेचं दिसणं जातं, त्यामुळे बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही.

1971 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं, की गांजा ओढल्यावर हा दाब 25 ते 30 टक्क्यांपर्यंत उतरतो. चर्चा तिथून सुरू झाली. पण असर टिकतो जेमतेम तीन-चार तास, आणि दाब तर चोवीस तास आवरावा लागतो. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा, रात्री उठूनसुद्धा ओढायचं! असा माणूस ट्रॅक्टर कसा चालवणार? शिवाय गांजाने रक्तदाबही उतरू शकतो, मग आधीच अशक्त झालेल्या नसेला रक्त कमी पडण्याची भीती. म्हणूनच अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही काचबिंदूसाठी गांजाची शिफारस करत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या सीबीडी तेलाचं तर उलटंच. 2018 मध्ये इंडियाना विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगात सीबीडीने डोळ्याचा दाब 18 टक्के वाढला.

आणि कायदा? 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार विनापरवाना गांजा लावला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "औषधाला लावलंय" म्हणून सुटका नाही.

लॅटानोप्रोस्टचा थेंब रात्री एकदाच टाकायचा असतो, असर दिवसभर राहतो. टिमोलॉलही चालतं, मात्र दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर भावंडांनी आणि मुलांनीही दाब तपासून घ्यावा. डोळा अचानक ठणकला, लाल झाला, उलटी आली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.