सेव्हर्नच्या वेढ्यातील श्रूझबरी

श्रूझबरी हे नाव मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या लष्कर भागातील बेकऱ्यांत मिळणारी ‘श्रूजबेरी’ बिस्किटे आपण चहाबरोबर कितीदा तरी खाल्ली असतील. परंतु ज्या गावाने या बिस्किटांना आपले नाव दिले ते गाव पाहण्याचा योग फारच थोड्यांना येतो. विलायतेस जाणारे आपले बहुतेक प्रवासी लंडन पाहतात, ऑक्सफर्डला धावती भेट देतात, शेक्सपिअरच्या जन्मगावी जाऊन येतात आणि परततात. आपणांस एखादा दिवस मोकळा मिळाला, तर बर्मिंगहॅमहून आगगाडीने पश्चिमेकडे निघावे आणि सुमारे तासाभराच्या प्रवासानंतर श्रूझबरीस उतरावे. श्रॉपशर परगण्याचे हे मुख्य गाव वेल्सच्या सरहद्दीपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. भारतीय प्रवाशाने ते आवर्जून पाहावे, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

नदीचा वेढा

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळली, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. श्रूझबरीला सेव्हर्न याहूनही अधिक वळली आहे. ३५४ किलोमीटर लांबीची ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी गावाभोवती घोड्याच्या नालासारखा वेढा घालते आणि ईशान्येस जमिनीची एक अरुंद चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी सोडते. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूस किल्ला, असे हे बळकट ठाणे होते. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांपैकी रॉजर द माँटगोमेरी याने अकराव्या शतकात त्या चिंचोळ्या वाटेवर किल्ला उभारला. वेल्सच्या राजांशी होणाऱ्या लढायांत तो महत्त्वाचा ठरला. आज त्यात श्रॉपशरच्या पलटणींचे संग्रहालय आहे.

गावाच्या दोन मुख्य पुलांची नावेच त्याचा भूगोल सांगतात. पूर्वेस इंग्लंडकडे नेणारा तो इंग्लिश पूल, पश्चिमेस वेल्सकडे नेणारा तो वेल्श पूल. पहिला १७७४ साली, तर दुसरा १७९५ साली पूर्ण झाला. इंग्लिश पूल १९२६ साली रुंद करून नव्याने बांधण्यात आला, तेव्हा जुनेच दगड पुन्हा वापरले गेले. हिवाळ्यात सेव्हर्नला पूर येतात. २०२० च्या फेब्रुवारीत तिने काठच्या वस्तीला बराच त्रास दिला. म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ प्रवासास उत्तम. त्या दिवसांत नदीकाठच्या ‘क्वारी’ नावाच्या विस्तीर्ण उद्यानात लिंबाच्या झाडांच्या रांगांखालून, म्हणजे आपल्या नव्हे, तर ‘लाइम’ नावाच्या विलायती वृक्षांच्या सावलीतून, निवांत फिरता येते.

लाकडी चौकटींची घरे

गावात पायीच हिंडावे. वायल कॉप हा चढाचा वळणदार रस्ता, बुचर रो, फिश स्ट्रीट ही नावे जुन्या धंद्यांची आठवण देतात. काळ्या लाकडी चौकटी आणि त्यांमधील पांढऱ्या भिंती असलेली पंधराव्या-सोळाव्या शतकांतील घरे आजही वापरात आहेत. वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे झुकलेले, की समोरासमोरच्या खिडक्यांतून जणू हात मिळवता यावा! दोन रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद बोळांना येथे ‘शट’ म्हणतात. ही सारी श्रीमंती लोकरीच्या व्यापारातून आली. वेल्समध्ये विणलेले कापड येथील व्यापारी विकत घेत आणि लंडनला पाठवीत. त्या व्यापाराची साक्ष म्हणून १५९६ साली बांधलेली दगडी बाजारकचेरी मुख्य चौकात उभी आहे.

क्लाइव्हसमोर

याच चौकात आपली पावले थबकतील. बाजारकचेरीसमोर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. श्रॉपशरमध्येच १७२५ साली जन्मलेला हा मनुष्य १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर आला आणि तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेण्यात सामील झाला. त्या मोहिमेत इंग्रजांचे दोस्त होते खुद्द पेशवे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. पुढच्याच वर्षी प्लासी झाली. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली आणि १७७० च्या दुष्काळात, महसुलाचा तगादा चालूच असताना, लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. क्लाइव्ह मात्र अमाप संपत्ती घेऊन मायदेशी परतला होता. १७६१ पासून मृत्यूपर्यंत तो श्रूझबरीच्या वतीने पार्लमेंटमध्ये बसला, १७६२ साली येथील मेयरही झाला. १८५७ च्या उठावाला तीन वर्षे होतात न होतात तोच, १८६० साली, हा पुतळा उभारण्यात आला.

२०२० साली हा पुतळा हलवावा अशी मागणी हजारो नागरिकांनी सह्यांनिशी केली. परगण्याच्या कौन्सिलने पुतळा जागेवरच ठेवण्याचे आणि क्लाइव्हची हकीकत सांगणारा फलक लावण्याचे ठरविले. त्या निर्णयाविषयी आपले मत काहीही असो. मुले बरोबर असतील, तर येथे थोडा वेळ थांबावे. हा कोण, आणि याचा पुतळा येथे का, असे ती विचारतील. तेव्हा प्लासी आणि दुष्काळ यांबरोबरच विजयदुर्गाचीही कथा त्यांना सांगावी. परक्याच्या हाती आपलाच किल्ला पाडविणारे आपलेच होते, हे मुलांनी घरच्या माणसांच्या तोंडून ऐकलेले बरे.

डार्विन आणि टेलफर्ड

किल्ल्याजवळ जुन्या शाळेची इमारत आहे. तेथे आता सार्वजनिक ग्रंथालय असून दाराशी चार्ल्स डार्विन आसनस्थ आहे. १८०९ साली नदीकाठच्या ‘द माउंट’ या घरात तो जन्मला आणि याच शाळेत शिकला. शाळेत लॅटिन-ग्रीकवाचून दुसरे काही नसे. घरच्या बागेतील खोलीत थोरल्या भावाबरोबर तो रसायनांचे प्रयोग करी, म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘गॅस’ ठेवले होते आणि मुख्याध्यापकांनी सर्वांदेखत त्याला वेळ वाया घालवितो म्हणून खडसावले होते. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाची चिंता करणाऱ्या पालकांनी हा पुतळा जरूर पाहावा.

क्वारीच्या उंच काठावर सेंट चॅड हे वर्तुळाकार चर्च आहे. लहानग्या डार्विनचा बाप्तिस्मा येथेच झाला. जुने सेंट चॅड कसे गेले, ती कथा मोठी बोधप्रद आहे. १७८८ साली छत गळते म्हणून थॉमस टेलफर्ड या तरुण स्थापत्यतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात आला. छताचे राहू द्या, भिंतींना तडे गेले आहेत, मनोरा केव्हाही पडेल, असे त्याने सांगितले. चर्चच्या कारभाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले. थोड्याच दिवसांत मनोरा कोसळला आणि चर्चचा मोठा भाग त्याखाली गाडला गेला. पुढे टेलफर्डची गणना ब्रिटनच्या थोर अभियंत्यांत झाली.

वेळ असल्यास गावाच्या उत्तरेस डिथरिंग्टनची जुनी तागाची गिरणी, म्हणजे जवसाच्या धाग्याची सूतगिरणी, पाहावी. लाकडी मजल्यांच्या गिरण्या वरचेवर जळत. म्हणून चार्ल्स बेज याने १७९७ साली ओतीव लोखंडाचे खांब व तुळया वापरून ही पाचमजली इमारत उभी केली. संपूर्ण लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातील पहिली इमारत. मुंबईच्या उत्तुंग इमारतींची ती पणजीच म्हणावयाची. जीर्णोद्धारानंतर २०२२ पासून ती प्रेक्षकांसाठी खुली आहे.

‘माहीम’ नावाचे घर

शेवटी इंग्लिश पूल ओलांडून ॲबीत जावे. १०८३ साली स्थापन झालेल्या या मठाचा आज केवळ प्रार्थनामंदिराचा भाग उरला आहे. आत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या नामावलीत विल्फ्रेड ओवेन हे नाव शोधावे. युद्धाचे विदारक सत्य सांगणाऱ्या इंग्रज कवींत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्याचे वडील तारुण्यात हिंदुस्थानात येऊन गेले होते. श्रूझबरीतील माँकमोर रस्त्यावरच्या त्यांच्या घराचे नाव होते ‘माहीम’!

१९१८ साली फ्रान्सच्या आघाडीवर अखेरचे निघताना विल्फ्रेडने समुद्राकडे पाहत आईला निरोपाचे शब्द ऐकविले. ते रवींद्रनाथ ठाकुरांचे होते. ४ नोव्हेंबर रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो पडला. ११ नोव्हेंबरला युद्धबंदीच्या आनंदाने श्रूझबरीच्या घंटा वाजत असताना मृत्यूची तार ‘माहीम’मध्ये येऊन पोचली. नंतर त्याची टिपणवही घरी आली, तीत तेच शब्द त्याच्या हस्ताक्षरात उतरलेले होते आणि खाली कवीचे नाव होते. १९२० साली त्या मातेने रवींद्रनाथांना पत्र लिहून ही हकीकत कळविली आणि ती कविता कोणत्या पुस्तकात सापडेल, असे विचारले.

ते शब्द इंग्रजी ‘गीतांजली’तील ९६ व्या कवितेत आहेत. श्रूझबरीस जाताना पुस्तकाची लहानशी प्रत बरोबर असू द्यावी. ॲबीच्या बाकावर बसून ती कविता एकदा वाचावी. मुलांनाही वाचून दाखवावी. येथून स्टेशन फार लांब नाही. परतीची गाडी पुलावरून चालत गेले तरी सहज गाठता येते.