मूत्रपिंडाचा कर्करोग : उरलेल्या मूत्रपिंडाची जपणूक

मूत्रपिंडाचा विकार म्हटला की डोळ्यांपुढे डायलिसिस उभे राहते. याच अवयवाला कर्करोगही होतो, ही जाणीव कमी आढळते. लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे व गाठ हाताला लागणे ही त्याची लक्षणे होत. तथापि हे रक्त पुष्कळदा वेदनेविना जाते व आपोआप थांबते. ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर निभावून नेले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो. अनेक गाठी अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने आढळतात. धूम्रपान, स्थूलता व उच्च रक्तदाब यांमुळे हा धोका वाढतो.

नेहमीची केमोथेरपी या रोगावर फारशी लागू पडत नाही; शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होय. मनुष्य एका मूत्रपिंडावर जगू शकतो, हे १८६९ मध्ये जर्मनीतील गुस्टाव सिमोन यांच्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले. पुढे दीर्घकाळ संपूर्ण मूत्रपिंड काढण्याचीच प्रथा होती. आता गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असल्यास, शक्य तेथे, तेवढाच भाग काढून उर्वरित मूत्रपिंड राखतात.

शस्त्रक्रिया मूत्रशल्यविशारद करतात. मग मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचे कार्य कोणते? हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर शिल्लक सांभाळण्याचे. अनेक रुग्णांना आधीच मधुमेह वा रक्तदाब असतो. त्यांचे दुसरे मूत्रपिंड भार पेलू शकेल काय, हे शस्त्रक्रियेपूर्वीच पाहावे लागते. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. वय लक्षात घेऊन गाळणक्षमता काढावी लागते व लघवीतील प्रथिने तपासावी लागतात. पसरलेल्या रोगावरील नव्या औषधांनीही रक्तदाब वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर नियमित तपासणी आवश्यक ठरते, आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या कटाक्षाने टाळाव्या लागतात. जखम भरली की पुन्हा न येणारा रुग्ण कर्करोगातून वाचूनही पुढे डायलिसिसवर येण्याचा धोका पत्करतो.

उपनगरांतील अनेक कुटुंबे खर्चाच्या भीतीने तपासणीच लांबवितात. त्यांना सांगावेसे वाटते, की मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. शिधापत्रिका वा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन प्रथम वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी तपासणी करून घ्यावी, ही सर्वांना विनंती.