तारा मंदावला, की नजर?

२०१९च्या अखेरीस मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी, म्हणजे बेटलज्यूज, मंदावू लागला. एरवी तो रोहिणीपेक्षा तेजस्वी असतो. फेब्रुवारी २०२०मध्ये तो रोहिणीहूनही फिका पडला. बालाघाटाच्या रांगेत, बीड जिल्ह्यातील एखाद्या अंधाऱ्या शिवारातूनही हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा होता. पण ‘फिका वाटतो’ आणि ‘इतका फिका झाला’ यांत मोठा फरक आहे. कपाळाला हात लावून ताप पाहणे आणि थर्मामीटर लावणे यांत असतो, तसाच.

तारा इतका दूर असतो की छायाचित्रात तो निव्वळ बिंदू दिसायला हवा. मात्र हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश पसरतो आणि अनेक पिक्सेलांवर ठिपका उमटतो. खगोलशास्त्रज्ञ या ठिपक्याभोवती वर्तुळ कल्पून आतल्या प्रकाशाची बेरीज करतात. त्यात आकाशाचा स्वतःचा उजेडही मिसळलेला असतो. म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशाचा उजेड मोजून वजा करतात. तेल मोजताना डब्याचे वजन वजा करावे तसा. मग त्याच चित्रातील, तेज ठाऊक असलेल्या ताऱ्याशी तुलना होते.

ताऱ्याचे स्थान काढण्यासाठी ठिपक्याचा तोलबिंदू शोधतात. जिथे प्रकाश जास्त, तिथे वजन जास्त. त्यामुळे एका पिक्सेलच्या छोट्याशा अंशापर्यंत जागा सांगता येते.

तेजाची आजची मोजपट्टी नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६मध्ये सुचवली; पुढे १८६१पासून ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. या पट्टीवर आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. काक्षी सुमारे ०.५ वरून १.६ वर गेला, म्हणजे त्याचे तेज जवळपास एक तृतीयांश उरले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आणि पृष्ठभागाचा थंडावा, ही कारणे पुढे समोर आली.

दाटीतले, एकमेकांवर चढलेले ठिपके वेगळे करणारी ‘डाओफॉट’ ही संगणकप्रणाली १९८७मध्ये ताऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली. २०११मध्ये तीच सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे रेणू वेगळे ओळखण्यासाठी वापरली गेली. आकाशासाठी केलेले गणित पेशीच्याही कामी आले.

यंदाच्या थंडीत दिवे मालवून अर्धा तास अंधारात थांबा आणि काक्षीची रोहिणीशी तुलना करून पाहा. इतरांना दिसणारे तारे घरातील मुलाला दिसत नसतील, तिन्हीसांजेला ते अडखळत असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा असू शकतो. वडीलधाऱ्यांना दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवावे. वेध घेण्याआधी दुर्बिणीची काच तपासतात. डोळ्याचीही तपासणी तितकीच गरजेची.